सीमेपलीकडचे लंडनकर

लक्ष्मीपूजनाच्या रात्री अलक्ष्मीला घराबाहेर घालवण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. माझी आजी उत्तररात्री उठे, सूप वाजवत आणि केरसुणीने घर झाडत उंबऱ्यापर्यंत येई आणि केर दाराबाहेर लोटून देई. या विधीला ‘अलक्ष्मी-निःसारण’ म्हणतात हे पुढे पुस्तकात वाचले. लहानपणी मी तिला एकदा विचारले होते, “आजी, बाहेर घालवलेली अलक्ष्मी मग जाते कुठे?” आजी म्हणाली, “जाईल तिला जायचं तिकडे. आपल्या घरातून गेली म्हणजे झालं.”

आजीच्या उत्तरात भक्तिभाव होता. पण पुढे इतिहासाचा अभ्यास करताना असे ध्यानात आले, की जगातल्या मोठमोठ्या नगरांनी आपल्या घाणीबद्दल शतकानुशतके हेच उत्तर दिलेले आहे. आपल्या उंबऱ्याबाहेर गेली म्हणजे झाले! मलनिःसारण आणि अलक्ष्मी-निःसारण या दोन्ही शब्दांत एकच ‘निःसारण’ आहे, हा काही निव्वळ व्याकरणाचा योगायोग नव्हे.

या विषयावर दिवाळी अंकात लिहिणे काही वाचकांना रुचणार नाही. फराळाच्या ताटाशेजारी गटाराची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु नरकचतुर्दशी हाही दिवाळीचाच दिवस आहे. शिवाय या विषयाशी माझा संबंध केवळ ग्रंथांतला नाही. त्यात माझी एक सही अडकलेली आहे. ती हकीकत आधी सांगतो.

१

आमची शाळा शहराच्या हद्दीवर आहे. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून रस्ता जातो आणि त्या रस्त्यावर हद्दीची पाटी उभी आहे. पाटीच्या अलीकडे शहर, पलीकडे ग्रामपंचायत. अलीकडच्या घरांना भुयारी गटार आहे. त्याचे शेवटचे चेंबर पाटीपासून चाळीसएक पावलांवर संपते. पलीकडे गेल्या तीस वर्षांत मोठी वसाहत उभी राहिली. शेत बिनशेती करून पाडलेले प्लॉट, प्रत्येक घरामागे एक शोषखड्डा आणि त्याच्यापासून फार दूर नसलेली एक बोअर. माझ्या शाळेतली निम्मी मुले त्या वसाहतीतून येतात. मी स्वतः राहतो पाटीच्या अलीकडे.

२०११ साली असे ठरू लागले, की शहराचे गटार पुढे वाढवून वसाहतीला जोडून द्यावे. खर्च कोणी करायचा यावर घोडे अडले. पंचायतीपाशी पैसा नव्हता आणि शहराचे म्हणणे, हद्दीबाहेर आम्ही का खर्च करावा? आमच्या गल्लीत त्या वेळी एक अर्ज फिरला. ‘आमच्या करातून हद्दीबाहेरच्या वसाहतीची सोय करू नये, आधीच आमचे चेंबर पावसाळ्यात तुंबतात’, अशा आशयाचा. अर्जावर बासष्ट सह्या झाल्या. तिसरी सही माझी. मुख्याध्यापकांनी सही केली म्हटल्यावर पुढच्यांनी फारसे वाचलेही नसावे.

पुढल्याच पावसाळ्यात आमच्या नववी-दहावीच्या वर्गांत काविळीची साथ आली. अकरा मुले आजारी पडली, त्यांतली नऊ वसाहतीतली. सारी बरी झाली. पण दहावीतली एक हुशार मुलगी इतकी खंगली, की तिचे ते वर्ष गेले. साथीचे कारण शोषखड्डे आणि बोअर यांची शेजारशेजारची वस्ती हेच होते, असे सिद्ध करायला मी डॉक्टर नव्हे. पण तिला भेटायला घरी गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी मला चहा दिला आणि सहज म्हणाले, “सर, तुमचं गटार आमच्या दारातनं दिसतंय की. हात लांबवला तर लागंल.” त्यांना माझ्या सहीची माहिती नव्हती. मी चहा प्यायलो आणि परत आलो.

त्यानंतर मी लंडनच्या गटारांचा इतिहास नव्याने वाचायला घेतला. औद्योगिक क्रांतीच्या धड्यात तो दोन ओळींत शिकवून मी पुढे जात असे.

२

१८५५ पूर्वीचे लंडन हे एक शहर नव्हतेच, असे म्हटले तरी चालेल. त्या एका नावाखाली तीनशेहून अधिक लहान-मोठ्या स्थानिक संस्था नांदत होत्या आणि त्यांना अधिकार देणारे सुमारे अडीचशे वेगवेगळे कायदे होते. चर्चच्या प्रभागाची ती पॅरिश, पॅरिशची कारभारी मंडळी ती व्हेस्ट्री. शिवाय फरसबंदीची मंडळे वेगळी, दिवाबत्तीची वेगळी. सेंट पँक्रस या एकट्या भागात फरसबंदीची मंडळेच डझनाहून अधिक होती. प्रत्येकाची हद्द ठरलेली, कर वेगळा आणि हद्द संपली की जबाबदारीही संपली.

जोवर मैला खड्ड्यात साठत होता तोवर हा कारभार कसाबसा चालला. लंडनमध्ये असे सुमारे दोन लाख खड्डे असल्याचे सांगतात. रात्री मैलावाले येत, खड्डे उपसून गाड्या भरत आणि शेतकऱ्यांना खत म्हणून विकत. एकोणिसाव्या शतकात पाण्याचे संडास आले आणि खड्डे भरभर भरू लागले. १८४८ च्या सुमारास कायद्याने घरांचे सांडपाणी गटारांना जोडणे भाग पाडले. पण ही गटारे मुळात पावसाच्या पाण्यासाठी होती आणि ती उघडत होती थेट थेम्स नदीत. म्हणजे घराघरातली अलक्ष्मी एकदम नदीत आली, आणि त्याच नदीचे पाणी पुष्कळ लोक पीत होते.

पटकी, म्हणजे कॉलरा, लंडनमध्ये १८३१-३२ साली प्रथम आली. त्या फेरीत ६,५३६ माणसे गेली. १८४८-४९ साली १४,१३७ आणि १८५३-५४ साली १०,७३८. दूषित पाण्यातून पटकी पसरते हे डॉक्टर जॉन स्नो १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दाखला देऊन सांगत होते. पण बहुतेकांचा विश्वास दुर्गंधीवर होता. वाईट हवेतून रोग येतो, असेच राज्यकर्तेही मानीत.

१८५५ साली पार्लमेंटने कायदा करून ‘मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स’ हे मंडळ स्थापले. व्हेस्ट्र्यांनी आणि विभागीय मंडळांनी निवडून पाठवलेले त्याचे ४५ सभासद होते. म्हणजे आजच्या भाषेत, अनेक नगरपालिकांनी मिळून चालवायची ही एक सामाईक संस्था होती. तिचे मुख्य अभियंता होते जोसेफ बाझलजेट. त्यांची योजना समजायला सोपी आहे. नदीकडे धावणाऱ्या साऱ्या जुन्या गटारांना आडवे छेद देणारे मोठे नळ पश्चिमेकडून पूर्वेकडे टाकायचे. उत्तर तीरावर उंचावरचा, मधला आणि सखल भागातला असे तीन, दक्षिणेलाही तशीच व्यवस्था. सगळा मैला शहराच्या पूर्वेला मैलोगणती दूर नेऊन भरती-ओहोटीच्या हिशेबाने नदीत सोडायचा.

योजना तयार होती. पण दोन वर्षे केवळ एका प्रश्नावर वाद चालला. मैला नेमका कुठे सोडायचा? कायद्यात होते, की महानगरात किंवा त्याच्या जवळपास सोडू नये. जितके दूर न्यावे तितका खर्च वाढणार आणि हद्दीबाहेरच्या त्या जादा लांबीचे पैसे लंडनच्या करदात्यांनी का द्यावेत, यावर मंडळ आणि सरकार यांची ओढाताण होत राहिली. आमच्या गल्लीतल्या अर्जाचा सूर मला इथे ओळखीचा वाटला!

वाद मिटवला तो अखेर उन्हाने. १८५८ च्या जूनमध्ये असा उन्हाळा पडला, की थेम्सच्या दुर्गंधीने नदीकाठच्या पार्लमेंटमध्ये बसवेना. क्लोराइड ऑफ लाइमच्या द्रावणात भिजवलेले पडदे खिडक्यांना लावले, तरीही सभासद नाकाला रुमाल लावून बाहेर पडू लागले. इतकी वर्षे पूर्वेच्या गरीब वस्त्यांनी जे सोसले ते आता कायदा करणाऱ्यांच्या नाकापर्यंत पोचले होते. डिझरायलींनी विधेयक मांडले आणि अवघ्या अठरा दिवसांत त्याचा कायदा झाला.

या कायद्यातला पैशाचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मंडळाने ३० लाख पौंडांचे कर्ज काढावे, सरकारने त्याला हमी द्यावी आणि ते फेडण्यासाठी साऱ्या महानगरात मालमत्तेच्या वार्षिक मूल्यावर दर पौंडाला तीन पेन्स असा कर चाळीस वर्षे बसवावा, असे ठरले. पौंडात तेव्हा २४० पेन्स. म्हणजे ऐंशीवा हिस्सा. हॅम्पस्टेड टेकडीवर, त्याचे पाणी आपोआप खाली उतरे. बर्मंडसी आणि लॅम्बेथ नदीकाठी सखलात. वरच्यांचा मैला त्यांच्या तळघरात चढे. तुम्हाला फायदा किती झाला, तुमच्या दारात नळाची लांबी किती, हा हिशेब बाजूला ठेवून टेकडीवाल्याला आणि खालच्याला एकच दर लावला. ज्याची मालमत्ता मोठी त्याने जास्त द्यावे, लहान त्याने थोडे. पण दर एकच. तीनशे तुकड्यांचे लंडन एक शहर झाले ते माझ्या मते या तीन पेन्सांनी.

काम प्रचंड झाले. मुख्य नळांची लांबी ८२ मैल, म्हणजे सुमारे १३२ किलोमीटर. खर्च अखेर चाळीस लाख पौंडांच्या वर गेला. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिण तीरावरच्या क्रॉसनेस येथील पंपघराचे उद्घाटन युवराजांच्या हस्ते झाले. पाठ्यपुस्तकातली गोष्ट बहुधा इथेच संपते. तिचा उरलेला भाग लंडनच्या हद्दीवर सुरू होतो.

३

‘महानगर’ म्हणजे कुठवर, हे १८५५ च्या कायद्याला ठरवावे लागले. त्यासाठी जन्ममृत्यूची नोंद ठेवणारे रजिस्ट्रार जनरलचे खाते ज्या टापूला लंडन म्हणून मोजत असे तोच टापू साधारणपणे घेतला. क्षेत्रफळ सुमारे ११७ चौरस मैल. पूर्वेला ही हद्द ली नावाच्या लहानशा नदीपाशी संपत होती. लीच्या अलीकडे मिडलसेक्स परगणा आणि महानगर, पलीकडे एसेक्स परगणा आणि वेस्ट हॅम नावाचे गाव.

या वेस्ट हॅमचे नशीब आधीच्या एका कायद्याने घडवले होते. १८४४ च्या इमारत कायद्याने हाडे उकळणे, चरबी वितळवणे यांसारख्या दुर्गंधी धंद्यांवर लंडनमध्ये निर्बंध घातले. धंदे बंद पडले नाहीत. ते ली ओलांडून पलीकडे गेले, कारण कायदा नदीपाशी संपत होता. त्यातच १८५५ साली तिथे व्हिक्टोरिया गोदी सुरू झाली. मजूर आले आणि कॅनिंग टाउन नावाची वस्ती भरतीच्या पातळीखालच्या दलदलीत उभी राहिली. घरांमागे उघडे चर. त्यांना उतार नाही, म्हणून घाण वाहत नव्हती, साचत होती. १८५१ साली वेस्ट हॅमची लोकसंख्या १९ हजारांच्या आत होती. १९०१ साली ती २ लाख ६७ हजारांवर गेली. हे सारे लोक लंडनसाठी राबत होते, लंडनची जहाजे उतरवत होते. फक्त रात्री ते झोपत होते एसेक्समध्ये.

१८५५ साली या वस्तीची पाहणी करायला सरकारी आरोग्यखात्याने ज्या अभियंत्याला पाठवले त्याचे नाव आल्फ्रेड डिकन्स, म्हणजे कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचा सख्खा भाऊ. त्याच्या अहवालानंतर १८५६ साली वेस्ट हॅमला स्वतंत्र आरोग्य मंडळ मिळाले. आणि १८५७ च्या सप्टेंबरमध्ये चार्ल्स डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात हेन्री मॉर्ली या लेखकाचा एक लेख आला. लेखाचे नाव ‘लंडनर्स ओव्हर द बॉर्डर’, आपल्या भाषेत ‘सीमेपलीकडचे लंडनकर’.

ते नाव पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. सीमाभागात जन्म गेलेल्या माणसाला सीमेपलीकडचा म्हणवून घेण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आपण आयुष्यभर एका रेषेबद्दल बोलत आलो, भांडत आलो. ती रेषा दुसऱ्यांनी ओढली, आमच्या माणसांना न विचारता ओढली, असे आपण म्हणतो. आणि माझ्या शाळेच्या मागची चाळीस पावलांवरची रेषा? ती मात्र मी सहीने पक्की केली होती.

असो. वेस्ट हॅमकडे वळू.

लंडनच्या उत्तर तीरावरचे तिन्ही नळ जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे अ‍ॅबी मिल्स. सखल भागातल्या नळाचे पाणी इथे सुमारे ३६ फूट वर उचलावे लागे. त्यासाठी बांधलेले पंपघर इतके देखणे आहे, की लोक त्याला मैल्याचे मंदिर म्हणत. ही वास्तू उभी आहे वेस्ट हॅमच्या भूमीवर. तिथून निघालेला मोठा नळ बांधावरून, वेस्ट हॅमच्या वस्तीच्या उंचावरून पूर्वेला बेक्टनपर्यंत जातो. म्हणजे अर्ध्या लंडनचा मैला वेस्ट हॅमच्या डोक्यावरून रात्रंदिवस वाहत होता आणि खाली कॅनिंग टाउनच्या मजुराच्या परसात चर तुंबलेले होते. नळ त्याच्या गावातून जात होता. पण त्याला त्यात एक बादली ओतण्याचा हक्क नव्हता, कारण त्याने तीन पेन्स दिलेले नव्हते. तीन पेन्स त्याच्याकडे कोणी मागितलेच नव्हते; तो हद्दीबाहेरचा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

४

हद्दीबाहेरच्याला वगळले की खर्च वाचतो, असे वाटते. १८६६ साल याचे उत्तर देऊन गेले.

त्या उन्हाळ्यात लंडनला पटकी चौथ्यांदा आली. आश्चर्य असे, की बहुतेक शहर या वेळी वाचले. मरण एकवटले ते पूर्व भागात. त्या टापूत ५,५९६ माणसे गेली. आकडेशास्त्री विल्यम फार यांनी नकाशावर मृत्यू मांडले आणि ते एका पाणी कंपनीच्या क्षेत्राशी तंतोतंत जुळले. कंपनी ली नदीचे पाणी पुरवत होती. ब्रॉमली येथील एका घराचा मैला लीमध्ये गेला होता आणि ओल्ड फोर्ड येथील उघड्या तलावांतून न गाळलेले पाणी नळांत आले होते. आमचे पाणी गाळलेलेच असते, असे कंपनीचा अभियंता सांगत होता. पण लोकांच्या नळांतून जिवंत वाम मासे निघत होते!

नवी गटारयोजना लंडनभर चालू झाली होती, राहिला होता नेमका हाच कोपरा. अ‍ॅबी मिल्सचे पंपघर पुरे व्हायला १८६८ उजाडले. जिथवर नळ पोचला तिथवर पटकी मागे हटली. जिथे नळ पोचायचा राहिला तिथे ती शेवटची येऊन गेली. ली नदीच्या दोन्ही काठांना तेच पाणी होते. परगण्याची सीमा माणसांना माहीत होती, पटकीला नव्हती. आपल्याकडेही १८९६ साली मुंबईत उगवलेला प्लेग एकदोन वर्षांत या भागात पोचला, तेव्हा त्याला कोणी जकातनाक्यावर अडवू शकले नाही.

आणि नळाच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते? बेक्टनपाशी सोडलेला मैला बार्किंग गावाच्या खाडीत साचतो, अशी तक्रार तिथल्या धर्मगुरूंनी व रहिवाशांनी १८६९ साली केली. चौकशी झाली, फारसे निष्पन्न झाले नाही. ३ सप्टेंबर १८७८ रोजी ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ ही सहलीची आगबोट त्याच टापूत दुसऱ्या जहाजाला धडकून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. काठावर आणलेली प्रेते मैल्याच्या राळीने माखलेली होती. त्यानंतर रॉयल कमिशन बसले आणि १८८७ पासून गाळ वेगळा काढून जहाजाने भर समुद्रात नेऊ लागले. अलक्ष्मी पुन्हा एक उंबरा पुढे गेली. १९९८ साली तेही बंद झाले.

५

आता सीमेपलीकडच्यांनी काय केले ते पाहू. लीच्या वरच्या अंगाला टॉटनहॅम हे गाव होते, तेही हद्दीबाहेर. त्याचा मैला लीमध्ये उतरत असे आणि तीच नदी खाली लंडनची होई. टॉटनहॅमने मार्कफील्ड येथे वाफेचे इंजिन बसवले आणि १८८६ सालापासून आपला मैला लंडनच्या नळात चढवायला सुरुवात केली, अर्थात लंडनशी करार करून. दोनच वर्षांनी टॉटनहॅममधून वुड ग्रीन वेगळे झाले. कारभार वेगळा झाला, कर वेगळे झाले. पण जमिनीखालचा नळ कसा वाटून घेणार? तेव्हा दोघांनी मिळून मलनिःसारणाचे संयुक्त मंडळ चालवले. आपल्याकडे दोघे भाऊ वेगळे होतात, चूल वेगळी होते, मधल्या खोलीत भिंत येते. परसातली मोरी मात्र सामाईक राहते. ती तुंबली की दोघांनाही एकमेकांशी बोलावे लागते. तसाच प्रकार!

वेस्ट हॅमने तीस-चाळीस वर्षे स्वतंत्र खर्चाने गटारे बांधली, पंप चालवले. कामगारवस्तीच्या या गावात कराचा बोजा जड आणि कर देणारे गरीब. १८९२ साली केअर हार्डी हे कामगारपुढारी पार्लमेंटवर निवडून आले ते याच वेस्ट हॅममधून, हेही ध्यानात ठेवावे. शतकाच्या अखेरीस वेस्ट हॅमने नवे पंपघर उभारले आणि त्याचा मैला लंडनच्या त्या डोक्यावरच्या नळात जाऊ लागला. नळ गावातून गेला १८६० च्या दशकात. गावाचे पाणी त्यात पडायला पुढले पाऊण आयुष्य लागले. १९६५ साली वेस्ट हॅम रीतसर बृहन्लंडनमध्ये आले. तो बांध आजही आहे, त्यावरून आता पायवाट केली आहे.

याच प्रश्नाचे वेगळे उत्तर अमेरिकेतल्या बॉस्टनने दिले, ते थोडक्यात सांगतो. बॉस्टननेही आधी, १८८४ पर्यंत, केवळ स्वतःपुरती गटारयोजना पुरी केली. केंब्रिज, सॉमरव्हिल, चेल्सी ही भोवतालची गावे तशीच राहिली. बॉस्टनने ती गिळंकृत करावी, हे गावांना मान्य नव्हते. १८८९ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने तोडगा काढला. गावे स्वतंत्र राहतील, फक्त मोठे नळ सामाईक असतील. कर्ज राज्याच्या पतीवर निघेल, गावे ते हप्त्यांनी फेडतील. कोणाचा वाटा किती हे ना बॉस्टन ठरवील ना गाव; राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमलेले तिघे पंच ठरवतील. पुढे स्थिरावलेली रीत अशी, की बांधकामाच्या कर्जाचा भार मालमत्तेच्या मूल्याप्रमाणे वाटायचा आणि चालवण्याचा खर्च लोकसंख्येप्रमाणे. श्रीमंताने बांधणीला जास्त द्यावे आणि वापराचे पैसे माणशी सारखे असावेत, असे हे साधे व्यवहारी शहाणपण आहे. सीमा पुसल्याशिवायही सीमेखालून नळ जाऊ शकतो, एवढे बॉस्टनने दाखवले.

आपल्या घटनेतही ही वाट आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती सांगितली. तिचे किमान चारपंचमांश सभासद पंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सभासदांमधूनच यायचे. आणि दोघांच्या समाईक हिताचे प्रश्न, पाण्यासारख्या साधनांची वाटणी, यांचा विचार तिने करायचा. नागरिकशास्त्राच्या तासाला मी हे शिकवतो आणि मुले ते वहीत उतरवून घेतात.

६

मध्यंतरी दहावीच्या वर्गात लंडनचे गटार शिकवताना मी फळ्यावर ली नदी काढली, हद्द काढली आणि वेस्ट हॅमवरून जाणारा नळ काढला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, हे आमच्या वसाहतीसारखंच आहे की.” वर्ग हसला. मी त्या दिवशी माझ्या सहीची गोष्ट वर्गाला सांगितली. इतिहासाच्या शिक्षकाला दुसऱ्यांच्या चुकांची तारीखवार यादी पाठ असते. स्वतःची तारीख फळ्यावर लिहिताना हात जरा थांबला.

त्यानंतर मी नवा अर्ज लिहिला. शहर, पंचायत आणि वसाहतीतले घरमालक यांनी गटाराचा खर्च तीन वाट्यांत उचलावा, मुख्य नळाचा खर्च घरपट्टीच्या मानाने आणि देखभालीचा घरटी सारखा, आणि वाटा ठरवायला दोघांपैकी कोणाचाही नसलेला माणूस नेमावा, असे त्यात मांडले. तो घेऊन आमच्या गल्लीत मी पुन्हा दारोदार गेलो. “मुख्याध्यापक, मागच्या वेळी तुम्हीच तर विरोधात होता ना?” असे पुष्कळांनी विचारले. होतो, असे मी सांगितले. काहींनी चहा दिला, सही दिली नाही. “आपले चेंबर तुंबतात त्याचे काय?” हा प्रश्न रास्तच होता, त्यासाठी अर्जात एक कलम वाढवले, की नळ पुढे नेण्याआधी जुना नळ मोठा करावा. मग आणखी तीन सह्या मिळाल्या.

पहिल्या अर्जावर बासष्ट सह्या होत्या. दुसऱ्यावर चौदा झाल्या. अर्ज दोन्हीकडे दिला आहे, दोन्हीकडची पोच माझ्यापाशी आहे. मोजमाप घ्यायला एकदा माणसे येऊन गेली. ती पाटीपाशी थांबली, मग टेप धरून पलीकडेही गेली. पुढे काय होते ते पाहायचे.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरात सूप वाजेल. आजीची केरसुणी आता माझ्या सुनेच्या हाती आहे आणि केर नेऊन टाकायचे काम माझ्याकडे आहे. आमच्या दारातून ती वसाहत दिसते.